साल्हेरच्या फलकावर फौज कुठे आहे?

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि त्यांत आपल्या बागलाणातला साल्हेर आला. तो आनंद ओसरायच्या आतच दुर्गप्रेमींच्या गप्पांत एक वाद उभा राहिला. गडाखाली १६७२ च्या लढाईची माहिती सांगणारा चांगला फलक हवा, यावर सगळ्यांचे एकमत. त्यावर नाव कुणाचे, यावर मात्र हमरीतुमरी. कुणाला मोरोपंत पिंगळ्यांचे नाव आधी हवे, कुणाला प्रतापराव गुजरांचे. सूर्यराव काकड्यांचा उल्लेख त्रोटक झाला तर तो अपमान, असे कुणाला वाटते. छत्रपतींखेरीज दुसरे कुठलेच नाव नको, असे म्हणणारेही आहेत. आणि एका गटाला लढायांचे फलकच नकोत. डोंगर डोंगरासारखा राहू द्या, साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या रक्ताचा हिशेब मांडून पोरांची डोकी कशाला भडकवता, असे तो विचारतो. आडनावांवरून निघालेला वाद जातीवर जायला आपल्याकडे वेळ लागत नाही, आणि तसा तो जातोच आहे.

माझे म्हणणे असे, की हे सगळे जण एका चुकीच्या प्रश्नावर भांडत आहेत. लढाईचा फलक हे कुणाला द्यायचे मानाचे पान नाही. त्याने सांगायचे ते हे: कोणती फौज कुठून आली, तिच्यावर कोणते काम सोपवले होते, ती कुठे उभी राहिली, काय केले, आणि तिची किती माणसे पडली. समोरच्या फौजेबद्दलही हेच. सरदाराचे नाव त्यात यायलाच हवे, कारण हुकूम त्याचा होता. पण वाक्याचा कर्ता फौज असली पाहिजे. 'पराक्रमी', 'अजिंक्य', 'धुरंधर' ही विशेषणे काढून टाका आणि मग पाहा, आज आपल्या गडांवर असलेल्या फलकांत किती मजकूर उरतो. बहुतेक ठिकाणी एक सन आणि दोन नावे उरतील.

साल्हेरच घ्या. १६७१ च्या जानेवारीत हा किल्ला महाराजांनी घेतला. १५६७ मीटर उंचीचा हा गड बागलाणावर आणि पलीकडे गुजरातेत उतरणाऱ्या वाटांवर नजर ठेवून आहे, त्यामुळे तो मराठ्यांकडे राहणे मोगलांना परवडणारे नव्हते. बहादूरखान आणि दिलेरखान यांनी वेढ्याचे काम इखलासखानाकडे दिले. महाराजांनी त्यावर जे योजले ते शिवचरित्राची बखर लिहिणाऱ्या सभासदाने नोंदवले आहे: सरनोबत, म्हणजे सरसेनापती, प्रतापरावांनी लष्कर, म्हणजे घोडदळ, घेऊन वरघाटाने यायचे, पेशवे मोरोपंतांनी हशम, म्हणजे पायदळ, घेऊन कोकणातून घाट चढून यायचे, आणि दोघांनी दोन बाजूंनी एकाच वेळी वेढा घालणाऱ्यांवर पडायचे. आता विचार करा. दोन वेगळ्या वेगाच्या फौजा, दोन वेगळ्या वाटा, मध्ये सह्याद्री, आणि दोघींची गाठ शत्रूच्या छावणीवर पडायची. पायदळ उशिरा पोहोचले असते तर घोडदळ एकटे सापडले असते. घोडदळ आधी दिसले असते तर खान सावध होऊन मोर्चे फिरवून बसला असता. साल्हेरच्या विजयाची खरी गोष्ट ही वेळ साधण्याची आहे, आणि आपण भांडतो आहोत ते मोरोपंत वर की प्रतापराव वर यावर! पेशव्याचे पायदळ आणि सरनोबताचे घोडदळ यांतले एक दुसऱ्याशिवाय निरुपयोगी होते, हे फलकाने नकाशासह सांगितले तर नावांचा तंटा जागच्या जागी मिटतो. लढाई उघड्या मैदानावर झाली, मोगलांकडचे इखलासखान आणि मुहकमसिंह जखमी होऊन हाती लागले, मुहकमसिंहाचे वडील राव अमरसिंह चंदावत पडले, आपल्याकडून जंबुरक्याचा, म्हणजे उंटावरच्या लहान तोफेचा, गोळा लागून सूर्यराव काकडे पडले. मोगलांच्या मोठ्या फौजेला समोरासमोर हरवल्याचा हा प्रसंग आहे. एवढे साधे, विशेषणांशिवाय लिहिलेले वाचून ज्याचा ऊर भरून येत नाही, त्याला 'महापराक्रमी' हा शब्द वाचूनही येणार नाही.

फौजेला कर्ता करून लिहिलेले फलक जगात आहेत. अमेरिकेत गेटिसबर्गला १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत उत्तर आणि दक्षिणेच्या राज्यांमधल्या यादवी युद्धातली सर्वांत रक्तरंजित लढाई झाली. तिथल्या रणभूमीवर आज तेराशेहून अधिक स्मारके आणि फलक आहेत. १८९५ नंतर तिथल्या युद्धखात्याच्या आयोगाने दोन्ही बाजूंच्या प्रत्येक ब्रिगेडसाठी, म्हणजे काही पलटणींच्या तुकडीसाठी, आणि अशा काही ब्रिगेडी मिळून होणाऱ्या प्रत्येक डिव्हिजनसाठी फलक उभारले. त्यांची रीत ठरलेली: सेनापती कोण, हाताखाली कोणत्या ब्रिगेडी, कोणत्या तारखेला कितीच्या सुमारास ही डिव्हिजन कुठे आली, कुठून हल्ला चढवला, कुठे थांबली, कधी मागे हटली, आणि शेवटी मेलेले, जखमी, बेपत्ता यांचे आकडे. स्तुती नाही आणि दूषणही नाही. जिंकलेल्या फौजेच्या ब्रिगेडला चौकोनी बैठक, हरलेल्या फौजेच्या ब्रिगेडला गोल, एवढाच फरक. माणूस एका फलकापासून दुसऱ्याकडे चालत जातो आणि चालता चालता लढाई त्याच्या डोळ्यांसमोर उलगडते.

तिथेही भांडणे झाली, आणि आपल्याहून कमी कडवट झाली नाहीत. ७२ व्या पेनसिल्व्हेनिया पलटणीच्या वृद्ध सैनिकांना आपले स्मारक अगदी त्या दगडी भिंतीपाशी हवे होते, जिथे तिसऱ्या दिवशीचा दक्षिणेच्या फौजेचा हल्ला मोडला. रणभूमीची व्यवस्था पाहणारी संस्था म्हणाली, तुमची पलटण लढाईच्या फळीत मागे होती, स्मारक मागेच उभे राहील. प्रकरण पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १८९१ मध्ये सैनिक जिंकले. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायना ही दोन राज्ये तर त्या हल्ल्यात कुणाची माणसे सर्वांत पुढे पोहोचली यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडली, कारण सगळ्या हल्ल्याला पिकेट या एकाच सेनापतीचे नाव चिकटले होते आणि पेटिग्रू व ट्रिंबल यांच्या डिव्हिजन लोकांच्या बोलण्यातून गळून गेल्या होत्या. पण ही भांडणे कशावर होती ते पाहा. कोण कुठे उभे होते, किती वाजता, किती पावले पुढे. हे पुराव्याने सोडवता येणारे भांडण आहे. न्यायालयात साक्षी झाल्या, नकाशे मांडले गेले. 'आमच्या सरदाराला कमी लेखले' या भांडणाचा निकाल कोणता न्यायाधीश देणार?

आता समोरच्यांचे ऐकू. पहिला आक्षेप खरा आहे: साल्हेरला चढणारा मुलगा लष्करी महाविद्यालयात शिकायला आलेला नसतो. तो स्फूर्ती घ्यायला येतो, आणि स्फूर्ती माणसाकडून येते, डाव्या बगलेच्या हालचालीकडून नाही. रुक्ष फलक कोण वाचणार? याचे उत्तर मला आपल्याच वीरगळांत, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांत, सापडते. गावोगाव मारुतीच्या देवळापाशी, तळ्याकाठी हे दगड उभे आहेत. सर्वांत वर शिवलिंगाची पूजा, मधल्या थरात वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. पण सर्वांत खालचा, पाया असलेला थर कसला असतो? वीर मेला कसा याचा. गाई पळवणाऱ्यांशी लढताना, घोड्यावरून, पायी, ढाल कुठल्या हातात, समोर किती जण. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर तर वल्ह्यांच्या जहाजांची आख्खी सागरी लढाई कोरली आहे. आपल्या पूर्वजांनी आधी कृत्य कोरले आणि त्यावर स्वर्ग चढवला. आपण खालचा थर काढून टाकून नुसता स्वर्ग रंगवतो आहोत. स्फूर्ती कुठल्या थरातून येते, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला तरी ती खालच्या थरातून येते.

आणि फौजेची भूमिका न सांगितल्याने काय होते, याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण पानिपत आहे. १४ जानेवारी १७६१ बद्दल मराठी माणूस अडीचशे वर्षे दोषी शोधतो आहे. कुणी भाऊंना, कुणी होळकरांना, कुणी विश्वासरावांच्या हत्तीला. नाशिककरांनी तरी हे वेगळ्या नजरेने पाहायला हवे होते, कारण त्या रणात आपल्या निफाड तालुक्यातल्या विंचूरचे विठ्ठल शिवदेव होते, आणि गोदाकाठी ज्यांच्या नावाचे देऊळ व घंटा आहे ते नारोशंकर त्या वेळी दिल्ली सांभाळत होते. डाव्या बगलेला इब्राहिमखान गारद्याच्या शिस्तबद्ध पलटणी होत्या. त्यांनी समोरच्या रोहिल्यांची फळी खिळखिळी केली. गारद्यांच्या शेजारी गायकवाड आणि विंचूरकर यांचे घोडदळ होते. लढाईच्या बहुतेक वर्णनांत येते ते असे, की संधी दिसताच हे घोडदळ ठरलेली जागा सोडून पुढे धावले, रोहिल्यांच्या बंदुकांखाली सापडले, आणि गोलाची लढाई म्हणून, म्हणजे फौजेने रिंगण न मोडता एकत्र सरकायचे अशी, जी आखली होती तिचा गोल तिथे फुटला. यात भेकडपणा कुणाचाच नाही. उलट शौर्य फार आहे, आणि तेच योजनेला महाग पडले. बंदुका-तोफांच्या आधाराने हळूहळू सरकणारे पायदळ आणि तलवार उपसून झेप घेणारे घोडदळ यांना एकत्र लढण्याची सवय नव्हती. हे समजले तर पानिपताकडून शिकायला मिळते. नाहीतर आडनावे काढून एकमेकांना दुखवायला मिळते. साल्हेरला जी दोन अंगे जुळली तीच पानिपतावर जुळली नाहीत, एवढे एक वाक्य शाळेतल्या मुलाला सांगता आले तर 'आपण का हरलो' हा निबंध तो कितीतरी शहाणपणाने लिहील.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि तो मला जास्त अडचणीचा वाटतो. सतराव्या शतकातल्या मराठी फौजेच्या रोजनिश्या कुठे आहेत? सभासदाने बखर लिहिली ती लढाईनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, जिंजीत बसून. गेटिसबर्गला हजारो अहवाल, पत्रे आणि हयात सैनिक होते. इथे बखर, भीमसेन सक्सेनासारख्या मोगलांच्या चाकरीतल्या माणसाचे लेखन आणि इंग्रज वखारींचा पत्रव्यवहार एवढ्यावर भागवायचे. खरे आहे. पण पुरावा थोडा आहे म्हणून विशेषणे जास्त, हे कुठले तर्कशास्त्र? नाशिकहून पेठ रस्त्याने गेले की रामशेज लागतो. रविवारी शहरातली निम्मी तरुण पोरे तिथे असतात. १६८२ मध्ये शहाबुद्दीनखानाने त्याला वेढा घातला, त्यानंतर मोगल सरदार बदलत राहिले, आणि या लहानशा गडाने बादशहाला काही वर्षे अडवून धरले. या लढ्यातली सर्वांत विलक्षण गोष्ट, गडावर लोखंडी तोफा नसताना लाकूड कोरून, वर कातडे मढवून तोफा केल्या आणि त्यांनी दहा तोफांचे काम केले, ही आपल्याला कुणी सांगितली? मोगलांच्या बाजूने लिहिणाऱ्या खाफीखानाने. शत्रूच्या लेखणीतून आलेली ही साक्ष आपल्या कुठल्याही पोवाड्यापेक्षा भक्कम आहे, आणि फलकावर 'हे खाफीखान लिहितो' असे आले तर ती आणखी भक्कम होते. त्याच गडाच्या किल्लेदाराची वेगवेगळी नावे सांगितली जातात, प्रत्येक नावाचे पाठीराखे आहेत, शिबंदीचा आकडा तर प्रत्येक व्हिडिओत छातीठोकपणे ऐकवला जातो. फलकाने प्रामाणिकपणे लिहावे, की किल्लेदाराच्या नावावर मतभेद आहेत. त्याने गडाचा काहीही कमीपणा होत नाही. ज्यांची नावे राहिली नाहीत अशा माणसांनी तो लढवला, ही गोष्ट लहान आहे का?

तिसरा आक्षेप सर्वांत बळकट. तो असा, की 'स्तुतीही नाही, दूषणही नाही' ही भाषा दिसते तटस्थ, पण तीही एक बाजू घेते. गेटिसबर्गच्या त्या चोख फलकांनी दोन्ही फौजांची प्रत्येक हालचाल सांगितली, पण ती फौज कशासाठी लढत होती हे सांगितले नाही. एक बाजू गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या राज्यांची होती, हे त्या ओतीव अक्षरांत कुठेच नव्हते. दोन्हीकडचे शूर जवान समान, असे म्हणता म्हणता लाखो गुलामांचा प्रश्न बाजूला पडला. तिथल्या संग्रहालयात गुलामगिरीला नीट जागा मिळायला एकविसावे शतक उजाडले. मग साल्हेरच्या फलकावर स्वराज्याची फौज आणि बादशाही फौज एकाच मापाने मोजायची का?

हा मुद्दा मी मान्य करतो, आणि म्हणून माझी सूचना पूर्ण करतो: कारण सांगणारा एक फलक वेगळा हवा, वाटेवर पहिला, आणि त्यात गुळमुळीतपणा नको. स्वराज्य का उभे राहत होते, बागलाणच्या रयतेच्या डोक्यावरून ये-जा करणाऱ्या फौजांनी तिचे काय होत होते, ते तिथे स्पष्ट लिहावे. पण त्यानंतरचे, फौजांचे फलक कोरडेच असावेत, कारण काळाच्या ओघात विशेषणे बदलतात आणि तपशील टिकतो. कोरेगाव भीमाचा स्तंभ याची साक्ष आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने तो उभारला तो आपल्या विजयाची प्रौढी सांगायला. ती प्रौढी आज कोण वाचतो? पण त्याच स्तंभावर पडलेल्या साध्या शिपायांची नावे कोरली होती, पलटणीसह. 'नाक' शेवटी असलेली ती महार शिपायांची नावे शंभर वर्षे तिथे होती, आणि १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. साम्राज्याच्या विशेषणांत या समाजाला जागा नव्हती. नावांच्या यादीत होती. कोरणाऱ्याचा हेतू काहीही असो, तपशील खरा असेल तर पुढच्या पिढीला त्यातून आपला अर्थ काढता येतो.

लढायांचे फलकच नकोत म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही, त्यांच्या काळजीचा मला आदर आहे. पण फलक नसल्याने रक्त विसरले जाते का? विसरले जातात ते शिपाई. पहिल्या महायुद्धात 'पुणे डिव्हिजन' नावाची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. १९१५ च्या नोव्हेंबरात बगदादच्या वाटेवर टेसिफोनला तिची चाल अडली, ती मागे कुत-अल-अमारा गावात आली, तिथे ७ डिसेंबरपासून वेढली गेली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसांनी, उपासमारीने खंगलेल्या, शस्त्रे खाली ठेवली. सेनापती टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला. शिपाई वाळवंटातून पायी हाकले गेले आणि हजारो वाटेत वा कैदेत मेले. पुण्याचे नाव धारण करणाऱ्या या डिव्हिजनचे आपल्या पाठ्यपुस्तकात किती ओळी आहेत? महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत इंग्रजांनी बसवलेल्या संगमरवरी पाट्या आहेत: या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतके मेले. कुठे गेले, कुठल्या पलटणीत, कुठल्या नदीकाठी मेले, काही नाही. बसऱ्याच्या स्मारकावरही हजारो हिंदी शिपाई नुसता आकडा होऊन राहिले. युद्धाचा तिटकारा यावा असे ज्याला वाटते, त्याने तर कुतच्या हालचालींचा फलक सर्वांत आधी मागावा. हुकूम कुणी दिला आणि किंमत कुणी मोजली, हे डिव्हिजनच्या कोरड्या नोंदीइतके स्पष्ट कुठलाही शांतिपाठ सांगत नाही.

नाशिकने या कामात पुढे व्हावे असे मला वाटते, त्याचे कारण देवळाली. तोफखान्याची शाळा तिथे आहे, नाशिकरोड कॅम्पात तोफखान्याचे केंद्र आहे. तोफांचा आवाज आपल्या ओळखीचा आहे. तोफखान्याच्या जवानाइतके हे कुणाला कळणार? तो शिखरावर नसतो, झेंडा रोवतानाच्या छायाचित्रात नसतो. कारगिलमध्ये २० जून १९९९ च्या पहाटे पॉइंट ५१४० हे शिखर १३ जम्मू-काश्मीर रायफल्सने जिंकले. त्याआधी खालून तोफांनी शत्रूचे मोर्चे फोडले होते, आणि त्या युद्धात तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक गोळे व रॉकेट डागले. २०२२ मध्ये त्या शिखराला 'गन हिल' नाव दिले गेले. शिखर घेणाऱ्या पायदळाचे श्रेय त्याने कमी झाले नाही. कुणी काय केले हे नीट सांगितले की श्रेय वाटून कमी होत नाही, हे लष्कराला कळते.

म्हणून साल्हेरचा मजकूर ठरवताना आडनावांच्या प्रतिनिधींना टेबलाभोवती बसवू नका. एक फार्सी जाणणारा अभ्यासक, एक बखरींचा जाणकार, देवळालीतून निवृत्त झालेला एखादा अधिकारी ज्याला घोडदळाची चाल आणि तोफेचा पल्ला जमिनीवर पाहून कळतो, आणि साल्हेरवाडी-वाघांबे भागातले दोन गावकरी ज्यांना ओढे, खिंडी आणि पावसाळी वाटा पाठ आहेत, एवढी माणसे पुरेत. त्यांना आधी मैदानावर फिरवा, मग लिहायला बसवा. मजकुराखाली साधने लिहा, जिथे अंदाज आहे तिथे 'अंदाजे' लिहा, आणि सर्वांत खाली मजकूर लिहिल्याचे साल घाला, म्हणजे उद्या एखादे नवे पत्र सापडले तर फलक बदलायला कुणाची परवानगी आणि कुणाचे रुसवे लागणार नाहीत. २०२७ च्या सिंहस्थासाठी जिल्ह्यात पाट्यांचे आणि फलकांचे काम होणारच आहे. ते छापखान्यात जाण्याआधी ही माणसे साल्हेरच्या पायथ्याशी गेली पाहिजेत.